मायमो रडारमधून प्रतिमा काढताना: आधी फेज, मग गणित

मायमो रडारने, म्हणजे अनेक ट्रान्समीटर आणि अनेक रिसीव्हर एकत्र वापरणाऱ्या रडारने, प्रतिमा कशी काढायची असं कुणी विचारलं, की मी पहिल्यांदा अल्गोरिदमचं नावच घेत नाही. मी विचारते, तुमचा प्रत्येक अँटेना नेमका कुठे आहे आणि त्याच्या मार्गात किती फेज भरते (लहर आपल्या आवर्तनात किती पुढे सरकते), हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेकांचं उत्तर अर्धवट असतं, आणि त्यांची प्रतिमाही तिथेच अडलेली असते. ७७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३.९ मिमी. सिग्नल जातो आणि परत येतो, म्हणून अंतरात अर्ध्या मिलिमीटरची गफलत झाली तरी फेज सुमारे ९० अंशांनी सरकते. हा घोळ डेटात राहिला, तर पुढे कितीही हुशार सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) लावा, तो चुकीच्याच प्रश्नाचं नेमकं उत्तर शोधून देईल.

म्हणून मी मुद्दाम या क्रमाने लिहितेय: हार्डवेअरची मर्यादा, चर्प (फ्रिक्वेन्सी ठरावीक ढाळाने चढत जाणारा छोटा सिग्नल), कॅलिब्रेशन (मोजमापातली फेजची चूक शोधून काढून टाकणं), साधं बॅकप्रोजेक्शन (मापनं मागे नेऊन प्रतिमेत जमवणं), आणि मग विरळ पुनर्रचना (दृश्यात थोडेच ठळक ठिपके आहेत असं धरून प्रतिमा काढणं). कॅलिब्रेशनवर सगळ्यात जास्त लिहिलंय, कारण बहुतेक लोक सगळ्यात कमी वेळ तिथेच देतात.

बोर्ड आणि त्याची पोच

सुरुवातीला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडब्ल्यूआर१८४३ सारखा बोर्ड आणि सोबत कच्चा डेटा पकडणारा डीसीए१००० पुरेसा आहे. तीन ट्रान्समीटर, चार रिसीव्हर. चिपने आतल्या आत प्रक्रिया करून दिलेले ठिपके आपल्या कामाचे नाहीत. प्रत्येक ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडीचे, प्रत्येक चर्पचे कॉम्प्लेक्स नमुने, म्हणजे मोठेपणा आणि फेज दोन्ही असलेले, हाती यायला हवेत. कच्चा डेटा देत नसेल असा बोर्ड प्रतिमांसाठी घेऊच नका.

मायमोचं मर्म जोड्यांत आहे. लांबच्या लक्ष्यासाठी फेज ट्रान्समीटरच्या जागेवर वेगळी आणि रिसीव्हरच्या जागेवर वेगळी ठरत नाही, त्या दोन जागांच्या बेरजेवर ठरते. चार रिसीव्हर अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने लावले आणि दोन ट्रान्समीटर त्याच्या चौपट, म्हणजे दोन तरंगलांब्यांच्या अंतराने, तर बेरजा घेतल्यावर ओळीत आठ वेगवेगळ्या जागा मिळतात. हा झाला आठ घटकांचा व्हर्च्युअल अ‍ॅरे. एडब्ल्यूआर१८४३ च्या मूल्यमापन बोर्डवर कडेचे दोन ट्रान्समीटर अगदी असेच बसवलेत. मधला तिसरा अर्धी तरंगलांबी वर उचललेला आहे, त्यातून उंचीची थोडी माहिती मिळते.

आता काही विकत घेण्याआधी किंवा कोड लिहिण्याआधी कागदावर दोन भागाकार करा. पहिला, अंतरातलं पृथक्करण (दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारं कमीत कमी अंतर): प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थची दुप्पट. ४ गिगाहर्ट्झला ३.७५ सेंमी. दुसरा, कोनातलं पृथक्करण: तरंगलांबी भागिले व्हर्च्युअल अ‍ॅरेची लांबी. आठ घटकांना हे येतं पाव रेडियन, म्हणजे सुमारे १४ अंश. एक मीटरवर पाव मीटर! एवढ्या पोचेच्या बोर्डकडून कात्रीचा आकार दिसण्याची अपेक्षा धरू नका. माणूस कुठे उभा आहे ते कळेल, हात वर आहे की खाली ते कळणार नाही.

पोच वाढवायचे दोन रस्ते. एक, जोड्या वाढवणं. चार चिपा एकत्र जोडलेल्या बोर्डवर १२ ट्रान्समीटर आणि १६ रिसीव्हर मिळतात, १९२ जोड्या. त्यांतून आडव्या दिशेला ८६ वेगळ्या जागा निघतात आणि पृथक्करण सुमारे १.४ अंशांवर येतं. याच विचाराचं टोक पाहायचं असेल, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला रोडे अँड श्वार्ट्झचा सुरक्षा-तपासणीचा इमेजर पाहा: ७२ ते ८० गिगाहर्ट्झ, ७३६ ट्रान्समीटर आणि ७३६ रिसीव्हर, सगळे एका विरळ रचनेत मांडलेले. तिथे एकही भाग हलत नाही.

दुसरा रस्ता स्वस्त: बोर्डच हलवा. कार्ल वायलींनी १९५१ मध्ये सिंथेटिक अपर्चरची (छोटा अँटेना हलवून मोठ्याचं काम करून घेण्याची) कल्पना मांडली ती विमानासाठी, पण टेबलावरच्या रुळालाही ती तशीच लागू पडते. २० सेंमीच्या रुळावर बोर्ड सरकवला तर एक मीटरवरचं आडवं पृथक्करण सुमारे एक सेंटिमीटर होतं. पाव मीटरवरून एका सेंटिमीटरवर! आणि मायमो इथे आणखी एक सोय करून देतं. एकाच अँटेनाने रूळ मोजायचा तर दर पाव तरंगलांबीला, म्हणजे जवळजवळ दर मिलिमीटरला थांबावं लागेल, २० सेंमीत सुमारे २०० थांबे. आठ घटकांच्या व्हर्च्युअल अ‍ॅरेचे मध्यबिंदू मात्र स्वतःच पाव-पाव तरंगलांबीच्या अंतरावर असतात, त्यामुळे दर थांब्याला दोन तरंगलांब्या सरकलात तरी मध्ये फट राहत नाही. थांबे साधारण २५. अट एकच: अँटेनांची ओळ रुळाला समांतर असली पाहिजे.

चर्प बसवताना

इथे एकच गोष्ट पुन्हापुन्हा बिघडलेली दिसते. लोक चर्पची एकूण बँडविड्थ सूत्रात टाकतात. सूत्रात जाते ती फक्त नमुने घेतले त्या काळातली बँडविड्थ. समजा ढाळ ७० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद, नमुने सेकंदाला १ कोटी, आणि दर चर्पला २५६ नमुने. नमुन्यांचा काळ २५.६ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रत्यक्ष बँडविड्थ १.७९ गिगाहर्ट्झ. पृथक्करण ८.४ सेंमी, बोर्डच्या जाहिरातीतलं ३.७५ नव्हे. तेच ६० चा ढाळ ठेवून ५१२ नमुने घेतले तर ३.०७ गिगाहर्ट्झ आणि ४.९ सेंमी मिळतात. कमाल अंतर नमुन्यांच्या वेगावर आणि ढाळावर ठरतं. दुसऱ्या मांडणीत ते २५ मीटर येतं, टेबलावरच्या कामाला ते भरपूर झालं.

दुसरं, नमुने चर्पच्या सुरुवातीलाच सुरू होत नाहीत. समजा ते ६ मायक्रोसेकंद उशिरा सुरू होतात. मग ७० च्या ढाळाला पहिल्या नमुन्याच्या वेळी फ्रिक्वेन्सी ७७ नसते, ७७.४२ गिगाहर्ट्झ असते. हा आकडा वहीत लिहून ठेवा. प्रतिमेच्या सूत्रात तोच लागणार आहे.

ट्रान्समीटर आळीपाळीने चालवणं ही सगळ्यात सोपी पद्धत, आणि स्थिर वस्तूंसाठी मी तीच सुचवते. हलणाऱ्या वस्तूंचा हिशोब मात्र आधी करा. दोन चर्पांत ४० मायक्रोसेकंदांचं अंतर असेल आणि वस्तू सेकंदाला एक मीटर वेगाने जवळ येत असेल, तर एका ट्रान्समीटरपासून पुढच्यापर्यंत फेज सुमारे ७ अंशांनी सरकते. ती सरक कोनाच्या फेजमध्ये मिसळते आणि वस्तू बाजूला सरकलेली दिसते. उपाय असा: आधी डॉप्लर एफएफटी (लागोपाठच्या चर्पांतल्या फेजच्या बदलातून वेग दाखवणारं फूरिए रूपांतर) करून वेग काढा, मग प्रत्येक ट्रान्समीटरची तेवढी फेज परत फिरवा, आणि नंतरच जोड्या एकत्र करा. शिवाय तीन ट्रान्समीटर आळीपाळीने चालले की संदिग्धता न येता मोजता येणारा वेगही तिपटीने कमी होतो; वरच्या आकड्यांना तो सेकंदाला सुमारे ८ मीटर उरतो.

कॅलिब्रेशन

सावकाश करायचं काम हेच. कोनाड्यासारखा तीन पात्यांचा कॉर्नर रिफ्लेक्टर घ्या. पातं त्रिकोणी असेल आणि आतली कड ५ सेंमी असेल, तर ७७ गिगाहर्ट्झला त्याचं रडार-क्षेत्र (रडारला तो किती मोठा दिसतो ते) सुमारे १.७ चौरस मीटर भरतं. मुठीत मावणाऱ्या वस्तूसाठी हे प्रचंड आहे, आणि कोनात थोडं इकडेतिकडे झालं तरी प्रतिध्वनी टिकतो. सपाट पत्रा वापरू नका. तो आरशासारखा वागतो. एक-दोन अंश फिरला की सिग्नल दुसरीकडे जातो.

बोर्ड सुरू करून आधी गरम होऊ द्या. थंड चिपची फेज वाहत राहते आणि सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी लागू पडत नाही. मग रिफ्लेक्टर नसताना समोरच्या जागेचं एक मोजमाप घ्या. हे पार्श्वभूमीचं मोजमाप कॉम्प्लेक्स नमुन्यांच्या पातळीवरच वजा करायचं, मोठेपणाच्या पातळीवर नव्हे. ट्रान्समीटरमधून थेट रिसीव्हरमध्ये झिरपणारा सिग्नल पहिल्या काही रेंज-बिनांत (अंतराच्या कप्प्यांत) इतका जोरात असतो, की तो काढला नाही तर जवळचं सगळं त्यात बुडतं.

आता रिफ्लेक्टर समोर, साधारण एक मीटरवर ठेवा आणि त्याचं अंतर अँटेनांच्या मध्यापासून टेपने मोजा. मोजमाप घ्या, पार्श्वभूमी वजा करा, रेंज एफएफटी (एका चर्पच्या नमुन्यांतून अंतर दाखवणारी) करा, आणि रिफ्लेक्टरच्या बिनमधली प्रत्येक जोडीची कॉम्प्लेक्स किंमत उचला. दुसरीकडे कागदावरच्या भूमितीतून त्याच जोडीची अपेक्षित किंमत काढा: ट्रान्समीटर ते रिफ्लेक्टर अधिक रिफ्लेक्टर ते रिसीव्हर, हे खरं अंतर घेऊन. अपेक्षित भागिले मोजलेली, ही त्या जोडीची सुधारणा. १२ जोड्यांच्या १२ कॉम्प्लेक्स संख्या. मोठेपणाही त्यातच सुधारतो.

शिखर टेपच्या अंतराच्या थोडं पुढे किंवा मागे येईल, कारण बोर्डवरच्या तारांमध्येही सिग्नलला वेळ लागतो. तो स्थिर फरक वेगळा लिहून ठेवा आणि प्रत्येक अंतरातून वजा करा. तो फेजच्या सुधारणेत कोंबला, तर एका अंतरावर सगळं जुळतं आणि दुसऱ्या अंतरावर बिघडतं.

इथवर बरेच जण येतात. खरी परीक्षा पुढे आहे. रिफ्लेक्टर आता २० अंश डावीकडे आणि थोडा मागे न्या, आधीचीच सुधारणा लावा आणि पाहा: सगळ्या जोड्यांची उरलेली फेज शून्याच्या आसपास येते का? येत असेल तर पुढे जा. येत नसेल आणि उरलेली फेज जोडीगणिक सरळ रेषेत वाढत असेल, तर रिफ्लेक्टरची जागा चुकीची मोजली गेलीय किंवा अँटेनांमधलं अंतर चुकीचं धरलंय. उड्या मारत असेल तर जोड्यांचा क्रम गडबडलाय. डेटा फाइलमध्ये रिसीव्हर कोणत्या क्रमाने येतात ते पुन्हा वाचा. एकाच जागेवरून काढलेली सुधारणा त्या जागेपुरती प्रत्येक चूक झाकते. दुसरी जागा ती उघडी पाडते. मी विद्यार्थ्यांना चार-पाच जागा घ्यायला लावते आणि सगळ्या एकत्र बसवून रिफ्लेक्टरच्या जागाही अज्ञात म्हणून सोडवायला सांगते, कारण टेपपेक्षा रडारच ते अंतर बारकाईने जाणतं.

चिन्हांची तपासणीही इथेच उरकून घ्या. कॉम्प्लेक्स नमुन्यांमध्ये रिफ्लेक्टर धन बिनांऐवजी एफएफटीच्या दुसऱ्या टोकाला दिसला, तर डेटाचा कॉन्जुगेट घ्यावा लागेल, म्हणजे काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं करावं लागेल. तो धन बाजूला योग्य अंतरावर दिसतोय पण प्रतिमेत डावं-उजवं उलटं येतंय, तर फेजचं चिन्ह बरोबरच आहे. दोष अक्षाच्या दिशेत किंवा अँटेनांच्या क्रमात आहे. हे दोन दोष एकमेकांनी झाकायचा मोह टाळा.

मॉडेल लिहा, मग त्याचा उलटा प्रवास

प्रतिमेतल्या प्रत्येक ठिपक्याला एक अज्ञात परावर्तन आहे, कॉम्प्लेक्स संख्येत. एका जोडीसाठी त्या ठिपक्याचा विलंब म्हणजे ट्रान्समीटर ते ठिपका अधिक ठिपका ते रिसीव्हर, भागिले प्रकाशाचा वेग. प्रत्येक नमुन्याच्या क्षणी चर्पची जी फ्रिक्वेन्सी असते, तिला त्या विलंबाने आणि दोन पायने गुणलं की फेज मिळते. अशा सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे मोजलेला नमुना. हे मॅट्रिक्समध्ये लिहा: मापनं बरोबर मॅट्रिक्स गुणिले प्रतिमा, अधिक गोंगाट. कॉम्प्युटेशनल इमेजिंगचा सगळा डोलारा या एका ओळीवर उभा आहे. मॅट्रिक्सचा प्रत्येक स्तंभ सांगतो: या एकाच ठिपक्यावर काही असतं, तर माझ्या सगळ्या रिसीव्हरना काय ऐकू आलं असतं.

पहिल्यांदा हे मॅट्रिक्स खरोखर बांधा. १२ जोड्या गुणिले २५६ नमुने म्हणजे ३०७२ ओळी; १२८ बाय १२८ च्या प्रतिमेला १६३८४ स्तंभ. ८ बाइटच्या कॉम्प्लेक्स संख्यांत सुमारे ४०० मेगाबाइट. कुठल्याही लॅपटॉपवर, पायथन आणि नम्पायमध्ये बसतं. बनावट डेटा तयार करा, एकच ठिपका ठेवून, आणि मॅट्रिक्सच्या कॉन्जुगेट ट्रान्सपोजने गुणा. ठिपका जिथल्या तिथे उजळला पाहिजे. हेच बॅकप्रोजेक्शन.

रुळाचे थांबे वाढले की मॅट्रिक्स मेमरीत मावत नाही. तेव्हा तेच काम रेंज एफएफटीच्या मार्गाने करा: प्रत्येक जोडीची रेंज-रेघ काढा, प्रत्येक ठिपक्याच्या विलंबाला ती रेघ वाचा, विलंबाची फेज परत फिरवा, बेरीज करा. या वाटेवर एक खाच आहे. एफएफटीचा आरंभ पहिल्या नमुन्यापाशी धरला, तर रेघेतल्या शिखराच्या आत फेज दर बिनला जवळजवळ १८० अंशांनी धावते, आणि दोन बिनांमधली किंमत सरळ रेषेने काढली की उत्तर बिघडतं. त्यामुळे शून्यं भरून एफएफटी किमान आठपट लांब करा, २५६ ची २०४८. त्याहून बरं म्हणजे काळाचा आरंभ नमुन्यांच्या मधोमध सरकवा. मग शिखराच्या आत फेज जवळपास सपाट राहते. पण आरंभ सरकवला की फेज परत फिरवताना फ्रिक्वेन्सीही मधली घ्यायची: आपल्या उदाहरणात ७७.४२ अधिक ०.८९६, म्हणजे ७८.३१६ गिगाहर्ट्झ. पहिल्या नमुन्यापासून धरलं असेल तर ७७.४२. यांपैकी एक निवडा आणि कोडमध्ये शेवटपर्यंत तेच पाळा.

मॅट्रिक्सशिवायचा पुढचा आणि मागचा प्रवास लिहून झाला की एक चाचणी चुकवू नका. एक यादृच्छिक प्रतिमा आणि एक यादृच्छिक मापन घ्या. प्रतिमा पुढे नेऊन तिचा मापनाशी आंतर्गुणाकार, आणि मापन मागे आणून त्याचा प्रतिमेशी आंतर्गुणाकार, दोन्ही सारखे आले पाहिजेत, शेवटच्या काही दशांश स्थळांपर्यंत. ते जुळत नाहीत तोवर सॉल्व्हरला हात लावू नका.

कोनाची एफएफटी करून चटकन प्रतिमा मिळते, ती वापरायची का? दूरच्या लक्ष्यासाठी खुशाल वापरा. पण दूर म्हणजे किती, ते अपर्चरवर, म्हणजे अँटेनांच्या एकूण पसाऱ्यावर ठरतं: लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी. १० सेंमीच्या अपर्चरला ते सुमारे ५ मीटर. टेबलावर एक मीटरवर ठेवलेल्या वस्तूसाठी लहर वक्र आहे, आणि एफएफटी तिला सपाट समजते. तसंच, जोडीच्या जागी तिचा मध्यबिंदू धरणं हेही जवळून महाग पडतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर २ सेंमी लांब आहेत आणि वस्तू ३० सेंमीवर आहे, तर येण्याजाण्याच्या अंतरात तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतो. फेज ३१ अंश चुकते. दोघांमधल्या अंतराचा वर्ग भागिले वस्तूच्या अंतराची चौपट, एवढी ही वाढ असते. ती वजा केली की मध्यबिंदू पुन्हा वापरता येतो.

मोठ्या, समान अंतराच्या जाळीवर स्कॅन केलं असेल तर रेंज मायग्रेशन पद्धत (सगळी प्रतिमा एफएफटीच्या मार्गाने एकदम काढणारी) बॅकप्रोजेक्शनपेक्षा कितीतरी वेगवान आहे. तिचा गाभा, म्हणजे स्टोल्टचं १९७८ मधलं रूपांतर, भूकंपीय सर्वेक्षणातून आला. कपड्यांखाली लपवलेल्या वस्तू शोधायला मिलिमीटर-लहरींची त्रिमितीय प्रतिमा कशी काढायची, याचा शीन आणि सहकाऱ्यांचा २००१ चा लेख अजूनही वाचण्यासारखा आहे. पण माझा आग्रह असा: पहिली बरोबर प्रतिमा बॅकप्रोजेक्शनने काढा, ती संदर्भ म्हणून जपून ठेवा, आणि वेगवान पद्धत तिच्याशी ताडून पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर बॅकप्रोजेक्शनचा संथपणा तसाही फारसा जाणवत नाही.

प्रतिमा वाचताना

पहिली प्रतिमा डेसिबलमध्ये दाखवा, वरच्या ३० डेसिबलपुरती. त्याखाली जे दिसतं त्यात बराचसा गोंगाट आणि साइडलोब (शिखराच्या बाजूला उठणारे खोटे उंचवटे) असतात. विंडो लावली नसेल (कडेच्या नमुन्यांचं वजन कमी केलं नसेल) तर सगळ्यात मोठा साइडलोब शिखरापेक्षा फक्त १३ डेसिबल खाली असतो. हान विंडोने तो ३१ डेसिबल खाली जातो, बदल्यात शिखर रुंदावतं. रेंजमध्ये मी विंडो नेहमी लावते. अपर्चरवर लावताना विचार करते, कारण आठच घटक असताना रुंदी गमावणं परवडत नाही.

रडारच्या प्रतिमेत गुळगुळीत वस्तूची कडा आणि कोपरे उजळतात, मधला पृष्ठभाग काळाच राहतो. डबा गोल असेल तर समोरची एक उभी रेघ दिसेल. ती बिघाड समजू नका. बाकीच्या पृष्ठभागावरून निघालेली लहर तुमच्या अँटेनांकडे आलीच नाही. आणि भिंतीवरून टप्पा घेऊन आलेली भुतंही दिसतील. ओळखायची रीत साधी आहे: बोर्ड थोडा बाजूला हलवून पुन्हा मोजा. खरी वस्तू खोलीत जागेवर राहते, भूत सरकतं.

विरळ पुनर्रचना, आता

कँडेस, रॉमबर्ग आणि टाओ, तसंच डोनोहो यांचे कॉम्प्रेस्ड सेन्सिंगवरचे लेख २००६ मध्ये आले आणि कमी मापनांतून प्रतिमा काढण्याला भक्कम पाया मिळाला. आपल्या कामात ते असं उतरतं: मॉडेल आणि मापनातल्या फरकाच्या वर्गाचा अर्धा, अधिक एक वजन गुणिले प्रतिमेतल्या मोठेपणांची बेरीज, हे सगळं किमान करा. सोडवायला बेक आणि टेबूल यांची २००९ ची फिस्टा पद्धत पुरते. पावलाची लांबी म्हणजे एक भागिले मॅट्रिक्सच्या कॉन्जुगेट ट्रान्सपोज आणि मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं सर्वांत मोठं आयगेनमूल्य. ते पॉवर इटरेशनच्या थोड्या फेऱ्यांत मिळतं. दर पावलानंतर प्रत्येक ठिपक्याचा मोठेपणा उंबरठ्याएवढा कमी करा, फेज तशीच ठेवा. वास्तव आणि काल्पनिक भाग वेगवेगळे कापू नका.

वजन किती घ्यायचं? बॅकप्रोजेक्शनच्या प्रतिमेतली सर्वांत मोठी किंमत घ्या. वजन तिच्याएवढं किंवा जास्त असेल तर उत्तर पूर्ण शून्य येतं, हे सिद्ध करता येतं. म्हणून मी तिच्या एक दशांशापासून सुरुवात करते आणि खाली उतरत जाते. वजन कमी होता होता एखाद्या टप्प्यावर गोंगाटाचे सुटे ठिपके उगवू लागतात. त्याच्या जरा वर थांबा. विरळ ठिपके मिळाल्यावर त्यांचे मोठेपणा दबलेले असतात, म्हणून फक्त तेवढ्या ठिपक्यांवर साधा लघुतम वर्ग पुन्हा सोडवा.

जाळी फार बारीक करण्याचा मोह इथे अंगाशी येतो. पृथक्करणाच्या एक दशांश अंतरावर ठिपके ठेवले, तर शेजारचे स्तंभ जवळजवळ एकसारखे होतात आणि सॉल्व्हर एका वस्तूचं तेज मनाला येईल तसं दोघातिघांत वाटून देतो. फार भरड केली तर वस्तू जाळीच्या मध्ये पडते आणि तिच्या आजूबाजूला खोटे ठिपके जमतात. पृथक्करणाचा अर्धा ते तिसरा हिस्सा, ही माझी नेहमीची मांडणी.

आणखी एक फरक फोटोग्राफीकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. गुळगुळीतपणाची अट, टोटल व्हेरिएशनसारखी (शेजारच्या ठिपक्यांतले फरक कमी ठेवणारी), प्रतिमेच्या मोठेपणावर लावा. परावर्तनाची फेज शेजारच्या ठिपक्यांत जवळपास यादृच्छिक असते. कॉम्प्लेक्स प्रतिमेवर थेट गुळगुळीतपणा लादला, तर खरी वस्तूच पुसली जाते.

ट्रान्समीटर-रिसीव्हरांची संख्या आणखी कमी करायची दिशाही याच मॅट्रिक्समधून जाते. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये दाखवलेलं मेटामटेरियल (कृत्रिम बारीक घटकांनी बनवलेलं) अपर्चर घ्या: के-बँडमध्ये फ्रिक्वेन्सी बदलली की त्याचा किरणांचा नमुनाच बदलतो, म्हणून कुठलाही भाग न हलवता दृश्याची वेगवेगळी मापनं मिळतात. तिथे मॅट्रिक्स सूत्रातून येत नाही. अपर्चरचं क्षेत्र प्रत्यक्ष मोजून भरावं लागतं. कॅलिब्रेशन तिथे आणखी जड होतं.

रूळ डगमगत असेल तर ऑटोफोकस करता येतो: प्रत्येक थांब्याची फेज अज्ञात धरा आणि प्रतिमेची एंट्रॉपी (तेज किती विखुरलंय त्याचं माप) कमीत कमी होईल अशी ती निवडा. दृश्यात एक-दोन ठळक बिंदू असतील तर हे छान चालतं. नुसतेच पसरट पृष्ठभाग असतील तर ते भलत्याच जागी टोकदारपणा आणतं. म्हणून दृश्याच्या कडेला मी एक छोटा रिफ्लेक्टर नेहमी ठेवते.

सगळं जुळल्यावर दोन अगदी बारीक रिफ्लेक्टर, उदाहरणार्थ धातूच्या उभ्या काड्या (५ सेंमीचे कॉर्नर रिफ्लेक्टर एवढे जवळ येणारच नाहीत), एकाच अंतरावर शेजारी ठेवा आणि दर मोजमापाला जवळ आणत जा. बॅकप्रोजेक्शनमध्ये ते कुठे एक होतात ते नोंदवा आणि कागदावरच्या भागाकाराशी ताडा. रुळावर सुमारे एक सेंटिमीटर आलं पाहिजे. तीन सेंटिमीटर येत असेल तर परत कॅलिब्रेशनकडे जा. मग तेच अंतर विरळ पुनर्रचनेत नोंदवा, आणि रिफ्लेक्टर अर्ध्या ठिपक्याने सरकवून पुन्हा करा, म्हणजे ते यश जाळीच्या कृपेने आलं की खरं आहे ते कळेल. त्यानंतर पुठ्ठ्याच्या खोक्यात कात्री ठेवून, खोकं बंद करून स्कॅन करा. पुठ्ठा या लहरींना जवळपास पारदर्शक असतो. रिकाम्या खोक्याचं वेगळं मोजमाप आधी घेऊन ठेवा.